घराच्या वायरिंगला किती पैसे लागतील? डिचोलीकडचा हिशेब

“पॉइंटला किती घेता?” फोन उचलला की पहिला प्रश्न हाच. गोव्यातल्या डिचोली, साखळी, मये या पट्ट्यात मी घरांच्या वायरिंगची कामे घेतो आणि माझे उत्तर ठरलेले आहे: नुसती मजुरी २२५ रुपये, मालासकट ९००. दुसरा कोणी तुम्हाला १५० सांगेल, तिसरा ३०० सांगेल, आणि शेवटी तिघांचे बिल जवळपास येऊन थांबेल. कारण १५० वाल्याने झिरी मारणे (पाइपसाठी भिंतीत खाच पाडणे), बॉक्स बसवणे, डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी) जोडणे सगळे वेगळे लावलेले असते.

तेव्हा दराच्या आधी पॉइंटमध्ये काय धरले आहे ते विचारा. माझ्या ९०० मध्ये बोर्डापासून दिव्यापर्यंतचा पाइप, दीड एमएमची वायर, बॉक्स, साधा मॉड्युलर स्विच आणि जोडणी येते. पंख्याचा रेग्युलेटर वेगळा. जिन्यावरचा टू-वे दिवा मी दोन पॉइंट धरतो. त्याच बोर्डावर प्लग हवा असेल तर ३५० रुपये. गिझर, एसी, वॉशिंग मशीन यांची लाइन मात्र थेट डीबीवरून यायला हवी, अडीच किंवा चार एमएमची. तिला सरासरी २,२०० पडतात. एसीची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तीन हजारांच्या वर.

मयेतल्या एका घराचे उदाहरण देतो. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढची पडवी. दिवे-पंख्यांचे ३४ पॉइंट, म्हणजे ३०,६००. बोर्डावरचे १२ प्लग, ४,२००. जड लाइन सहा, १३,२००. डीबी आणि तिच्यातले आपोआप पडणारे सुरक्षा-स्विच, एमसीबी आणि आरसीसीबी, मिळून ८,०००. अर्थिंग ६,५००. मीटरपासून डीबीपर्यंतची मेन वायर ४,०००. झिऱ्या बुजवायला गवंडी, त्याचा हाताखालचा माणूस आणि सिमेंट मिळून ५,०००. एकूण ७१,५००. पंखे, दिवे, रंग यात नाहीत. कंत्राटदार जीएसटीत नोंदलेला असेल तर त्याच्या बिलावर १८ टक्के चढतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आमच्यासारख्या लहान माणसाला नोंदणीची सक्ती नाही. कोणी जीएसटी मागितला तर बिलावर त्याचा नंबर बघा.

गवंड्याचा खर्च लोक विसरतात. चिऱ्याच्या भिंतीत कटर पटकन चालतो, पण चिरा भुसभुशीत निघाला तर झिरी दुप्पट रुंद होते आणि बुजवायला माल जास्त खातो. जुन्या मातीच्या भिंतींना तर मी झिरी मारतच नाही. तिथे पट्टी ठोकून वरून वायरिंग करावे. दिसायला थोडे कमी, पण भिंत शाबूत राहते आणि खर्चही कमी होतो. कौलारू घरात पंख्याचा हूक तुळईला घालायचा असेल तर तुळई आधी ठोकून बघायला सांगा. वाळवीने पोखरलेल्या लाकडाला मी पंखा टांगणार नाही, कितीही पैसे दिले तरी.

आता अर्थिंग. बिलात काटछाट करायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिले बोट यावरच ठेवते. आपली जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात कोरडी ठाक. अशा जमिनीत करंट सहज मुरत नाही. जुलैत अर्थिंगचा रोध मोजाल तर रीडिंग छानच येईल, त्यात वायरमनचे कौतुक नाही. खरी परीक्षा मे महिन्यात. पाच ओहमच्या आत आले तर उत्तम, आणि एका खड्ड्याने भागत नसेल तर थोड्या अंतरावर दुसरा पाइप घालून दोन्ही जोडायचे. मीठ-कोळशाचा साधा खड्डा असेल तर त्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे लागते. केमिकल अर्थिंग दीड-दोन हजारांनी महाग, पण तेवढी देखभाल मागत नाही. नळाच्या पाइपला अर्थची वायर गुंडाळून देणारे अजून भेटतात. नळ प्लॅस्टिकचे झाले, तरी त्यांची सवय गेली नाही.

अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवते ती आरसीसीबी. वस्तू साधारण १,८०० ते २,५०० रुपयांची, बसवायची मजुरी ४००. मात्र जुन्या घरात ती बसवल्या बसवल्या पडायला, म्हणजे आपोआप बंद व्हायला लागते. मग घरचे वैतागतात आणि कोणीतरी ती बायपास करून देतो. ती पडते त्याला कारण असते. बहुतेकदा दोन खोल्यांचे न्यूट्रल (परतीच्या वायरी) एकमेकांत गुंतलेले असतात, किंवा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो. पावसाळ्यात फाटकावरच्या दिव्यात पाणी शिरते, तेव्हाही तेच. हे शोधायचे काम पॉइंटच्या हिशेबात बसत नाही. त्याची मी दिवसाची मजुरी घेतो, १,२००. बाहेरच्या दिव्यांची आणि पंपाची वेगळी आरसीसीबी घातली तर पावसाच्या रात्री निदान घरातला फ्रिज तरी चालू राहतो.

माल तुम्ही आणलात तरी माझी हरकत नाही. वायरीच्या बंडलावर आयएस ६९४ आणि आयएसआयचा शिक्का, त्याखाली सीएम/एल नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. बंडल ९० मीटरचे. तांब्याचा भाव हलला की वायरीचा भाव हलतो, म्हणून दोन महिन्यांपूर्वीच्या कोटेशनवर अडून बसू नका. कळंगुट, मोरजीसारख्या समुद्रकाठी खाऱ्या हवेने स्क्रू आणि बॉक्स लवकर गंजतात. तिथे बाहेरचे बॉक्स प्लॅस्टिकचे आणि झाकणाला रबर असलेले घ्या.

किरकोळ कामांचे पटकन सांगतो. येऊन बघायचे ३००, काम दिले तर त्यातून वजा. पंखा लावायला ३००, गिझरला ५००, स्विच बदलायला शंभर-दीडशे.

दोन एसी वाढवणार असाल तर मंजूर लोड किती आहे ते वीज खात्याच्या बिलावर आधी बघा. लोड वाढवायचा किंवा सिंगल फेजचे थ्री फेज करायचे तर अर्ज खात्याकडे, शुल्कही खात्याच्या पावतीवरच भरायचे. “मी आत सांगून करून देतो” म्हणणाऱ्याच्या हातात रोख देऊ नका. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल, आणि आपल्याकडे सामाईक घरांत ते असतेच, तर नावाचा विषय वायरिंगच्या आधी काढा. भावाबहिणींच्या सह्या जमवायला माझ्या कामापेक्षा जास्त वेळ लागतो.

पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला तिसरा हिस्सा, पाइप-वायर झाल्यावर तिसरा, उरलेले शेवटी. शेवटचा हप्ता देण्याआधी तुमच्यासमोर मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून घ्या. ५०० व्होल्टवर किमान एक मेगाओहम यायला हवा. नवीन वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतो. सोबत डीबीच्या झाकणावर कुठली एमसीबी कुठल्या खोलीची ते लिहून घ्या. आणि चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात नवे काम काढू नका. तेव्हा अर्ध्या तालुक्याला माटोळीवर (गणपतीवरच्या फळा-पानांच्या छतावर) दिव्यांच्या माळा हव्या असतात, आणि आमची पोरे तुमच्या घरी झिऱ्या अर्ध्यावर टाकून गणपतीसाठी गावाला निघतात.