गच्चीवर संविधान वाचायचं असेल तर

कोपरखैरण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण संविधान वाचतो. नेरूळच्या मावसबहिणीला तिच्याकडेही हे सुरू करायचंय, म्हणून लिहिते.

शासनाची मराठी प्रत आणा. पहिल्या पानापासून ओळीने जायचा हट्ट धरू नका. राज्यक्षेत्र, नागरिकत्व यातच माणसं कंटाळतात. उद्देशिका सगळ्यांनी मिळून म्हणा आणि थेट भाग तीन उघडा, मूलभूत हक्कांचा. एका बैठकीला एकच अनुच्छेद, वाचणारा दर वेळी नवा. अडखळला तर अडखळू द्या. मध्येच चूक काढली की तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

वाचून झालं की एवढंच विचारा: हे लिहायची वेळ का आली असेल?

जात, धर्म अशा कारणांवरून कुणाला विहिरी, तलाव वापरण्यापासून अडवता येणार नाही, असं सांगणारा अनुच्छेद १५ वाचला तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "देशाच्या संविधानात विहिरी, तलाव कशाला?" तळमजल्यावरच्या आजी महाडकडच्या. त्यांचे वडील २० मार्च १९२७ला बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्यावर गेले होते. आजींनी दोन्ही हातांची ओंजळ केली, तोंडापर्यंत नेली आणि म्हणाल्या, "एवढंच केलं. त्यावर लोकांची डोकी फुटली."

इथे घाई करू नका. महाड नगरपालिकेने ते तळं १९२४लाच ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं आणि सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७मध्ये तोच ठराव मागे घेतला. मुलांना हे जरूर सांगा. नगरपालिकेने दिलेलं नगरपालिकेला काढून घेता आलं. म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारलेल्या संविधानात 'तलाव' हा शब्द आहे. लगेच अनुच्छेद १३ काढा: मूलभूत हक्क हिरावणारा कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. मग ३२: हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. हे तिन्ही एकाच संध्याकाळी वाचा, एका बैठकीला एक हा नियम त्या दिवशी मोडला तरी चालेल.

वेळ मात्र सगळ्यांना जमेल अशी ठेवा. आमच्या वॉचमनदादांची ड्यूटी आठला लागते, म्हणून अनुच्छेद २२ आम्ही सातलाच घेतला आणि त्यांनाच वाचायला दिला. अटक झालेल्याला कारण सांगायलाच हवं, पसंतीचा वकील घेऊ द्यायला हवा, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला हवं. त्यांनी ते पान मोबाइलवर टिपून गावी भावाला पाठवलं.