थांबलेल्या कामाची हजेरी

सेफ्टीतल्या पहिल्या नोकरीत माझं मुख्य काम होतं हेल्मेट मोजणं. सोलापुरात होटगी रोडच्या पुढे एक मोठा गृहप्रकल्प चालू होता. माझी स्कूटी गेटवर दिसली की वरच्या स्लॅबवरून कुणीतरी शिट्टी मारायचं. मला वाटायचं, छेड काढतायत. एकदा चिडून मुकादमाला बोललेही. तो हसायला लागला. "तसं नाही ओ मॅडम. तुमी आल्या, टोप्या घाला, म्हणून सांगतेत." माझ्या वहीत रोज शंभर टक्के हेल्मेट. मी खूश, ठेकेदार खूश, पुण्याचं ऑफिस तर त्याहून खूश.

बांधकामावर सेफ्टीचं काम करायचंय म्हणून बरीच मुलंमुली मला गाठतात. पहिला प्रश्न कोर्सचा असतो, तो आधी उरकते. मी सिव्हिलचा डिप्लोमा सोलापुरातच केला, पाच वर्षं साइट सुपरवायझर म्हणून काढली आणि मग एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका. ती राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची आहे ना, एवढं बघून घ्या. आठवड्याभरात सर्टिफिकेट देणाऱ्यांचा कागद भिंतीवर लावायला बरा, नेमणुकीला उपयोगाचा नाही. कारखान्यांच्या नियमांत सुरक्षा अधिकारी व्हायला पदवीधर इंजिनिअरला दोन वर्षं आणि डिप्लोमावाल्याला पाच वर्षं देखरेखीचा अनुभव लागतो. ती वर्षं फुकट जातात असं समजू नका. ज्यानं रात्री अकरापर्यंत उभं राहून स्लॅब भरून घेतलेला नाही, त्याचं मुकादम ऐकत नाही.

याच नियमांत आणखी एक अट आहे: बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. परीक्षेला आम्ही ती ओळ घोकून सोडून दिली होती. साइटवर आल्यावर कळलं, सोलापुरात ही अट सगळ्यात अवघड. गवंड्यांत बरेच जण घरी तेलुगू बोलणारे, खोदाईवाले इंडी-अफजलपूरकडचे कन्नड, बिगारी बाया तांड्यावरच्या, सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा उभा करणारी टोळी बिहारची. यातली बहुसंख्यांची भाषा कुठली धरायची? मी पहिल्या महिन्यात एकच शब्द चार भाषांत पाठ केला. थांब, आगु, निल्लु, रुको. क्रेनखाली कुणी शिरलं की मराठी व्याकरण कामाला येत नाही.

कायद्याचंही थोडं. बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा १९९६ चा. त्यात सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी सक्तीचे होते ते ५०० कामगार असतील तिथे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत बांधकामासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा २५० वर आली. पण जुळे सोलापुरात, विजापूर रोडला उभ्या राहणाऱ्या चार मजली इमारतीवर माणसं असतात पंचवीस-तीस. तिथे सेफ्टीवाला असण्याची सक्ती आधीही नव्हती, आताही नाही. तिथे जे काही आहे ते मुकादमाच्या डोक्यात आहे. म्हणून नवीन माणसानं साइटवर गेल्यावर इंजिनिअरच्या आधी मुकादमाशी ओळख करून घ्यावी, असं माझं मत आहे. आमच्या मुकादमाला सगळे अण्णा म्हणत. मीही अण्णाच म्हणू लागले आणि काही दिवसांनी तो मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागला. त्यानंतर शिट्ट्या कमी झाल्या.

हेल्मेट नसेल तर पन्नास रुपये दंड, ही पाटी मीच लावली होती. वाटलं, शिस्त लागेल. लागली ती लपवायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरून सेंट्रिंगचा पाइप निसटला आणि खाली वाळू चाळणाऱ्या बाईपासून हातभर अंतरावर रुतला. मला हे चार दिवसांनी कळलं, गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर, तेही ती हसत सांगत होती म्हणून. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "सांगून काय व्हनार? वरचं पोरगं घरी बसलं असतं. त्याची हजेरी तुमी देनार व्हय?"

पुस्तकात याला नीअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात म्हणतात आणि त्याची नोंद करा म्हणतात. ती नोंद का होत नाही, याचं उत्तर त्या बाईनं एका वाक्यात दिलं. काम थांबलं तर त्या तासांचे पैसे ज्याच्या खिशातून जातात, तो काम थांबवणार नाही. मजुराच्या खिशातून जात असतील तर तो भेग बघूनही खड्ड्यात उतरेल. मला हे आधी उमगलं नाही, मी आधी सूचना पेटी लावली. महिन्यानं उघडली तर आत माव्याच्या पुड्या आणि एक चिठ्ठी: संडासात पाणी नाही.

त्या चिठ्ठीवरनं मात्र गाडी रुळावर आली. शहरातच नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तर साइटवर टँकर आधी मिक्सरला जायचा, मग उरला तर माणसांना. बायांसाठी एकच संडास, त्याला कडी नाही. म्हणून बाया दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ ला असतो. दुपारी चक्कर येऊन पडलेल्या बाईच्या अहवालात कारण 'अशक्तपणा' लिहिलं जायचं. कडी बसवली, पाण्याची वेगळी टाकी बसवली, उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेअकरा आणि चार ते सात अशी वेळ लावून घेतली. यातलं माझ्या अभ्यासक्रमात फारसं काही नव्हतं. पण यानंतरच बाया माझ्याशी पाइपा-फळ्यांबद्दल बोलायला लागल्या. तसंच बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचं. १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते, पण त्या ९० दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात. मी दाखल्यांच्या मागे लागले. सकाळच्या टूलबॉक्स टॉकनं, म्हणजे कामाआधी सगळ्यांना उभं करून दिलेल्या सेफ्टीच्या सूचनांनी, जेवढी माणसं जवळ आली नव्हती, तेवढी या कागदानं आली.

मग प्रोजेक्ट मॅनेजरशी भांडून एक गोष्ट मान्य करून घेतली. धोका दिसला म्हणून काम थांबवलं तर अर्ध्या दिवसापर्यंतची हजेरी पडणार, आणि दंडाची पाटी निघणार. तो म्हणाला, लोक याचा गैरफायदा घेतील. घेतला की! पहिल्याच आठवड्यात एका टोळीनं शिडी हलते म्हणून दोन तास सावलीत काढले. शिडी खरंच हलत होती, हा भाग वेगळा. हजेरीवाल्यांचं असं जमलं, स्क्वेअरफुटावर काम घेणाऱ्या सेंट्रिंगच्या टोळीचं अजून नीट जमलेलं नाही. त्यांचा थांबलेला तास कुठल्या दरानं मोजायचा, यावर दर बिलाला वाद होतो.

आता नजर कुठे ठेवायची ते. सगळं लिहीत बसत नाही, नवीन माणसाला चकवणारं तेवढंच सांगते. उंचीवरच्या माणसानं सेफ्टी बेल्ट घातलाय का, हे बघू नका. हूक कशाला अडकवलाय ते बघा. मी तो पँटच्या लूपला अडकवलेला पाहिलाय. आणि बेल्ट हा शेवटचा उपाय. कडेला कठडा असेल, पायाखाली फळ्या पुऱ्या असतील, तर बेल्टवर भिस्त राहत नाही. डक्टच्या, म्हणजे पाइप-वायरींसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकावर नुसतं प्लाय टाकून ठेवणं म्हणजे सापळा: कुणाला तरी प्लाय लागतं, तो दोन्ही हातांनी उचलतो, आणि पुढचं पाऊल भोकात. प्लाय ठोकून टाका, वर रंगानं 'खाली भोक' लिहा. वायरी पिनशिवाय काडी खुपसून जोडलेल्या दिसतील. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का आणि टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, ते रोज सकाळी स्वतः दाबून बघा.

खोदाईकडे मात्र जास्त वेळ द्या, कारण आपल्याकडची जमीन फसवी. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पत्थर. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्ड्याची भिंत करवतीनं कापल्यासारखी सरळ उभी राहते आणि जेसीबीवाला म्हणतो, बघा, किती पक्की आहे. एक पाऊस पडला की तीच माती फुगते आणि भेगेपासून अख्खा पापुद्रा सुटतो. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी श्वास घेऊ शकत नाही, डोकं बाहेर असलं तरी. भारतीय मानकाप्रमाणे दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार हवा, आणि काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब. आमच्याकडे ती कडेलाच टाकतात, कारण परत भरायला सोपी. यावरून रोज भांडण होणार, हे धरूनच चाला.

नोकरीच्या मुलाखतीत पगार विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा: काम थांबवायचा अधिकार मला आहे का, आणि मी थांबवलं तर मजुराची हजेरी कोण देणार? पहिल्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्याला समोरचा माणूस कुणाकडे बघतो, ते बघा.

गेल्या जूनमध्ये रात्री पाऊस झाला. सकाळी सातला अण्णाचा फोन. "ताई, ड्रेनेजच्या चराला कडंनं भेग पडलीया. मी पोरं वर काढली. हजेरी पडंल नव्हं?" मी मॅनेजरला न विचारताच हो म्हटलं. जाऊन पाहिलं तर बोटभर रुंदीची भेग. कडेची माती मागे ओढून घेतली, फळ्या-जॅकचा आधार दिला, साडेदहाला काम चालू झालं. ती कड पडली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मॅनेजर अजून अधूनमधून डिवचतो, तुमच्या त्या भेगेचे साडेतीन तास गेले म्हणून. माझ्या वहीत त्या तारखेपुढे एवढंच आहे: चर अडीच मीटर, माणसं १४, थांबवलं अण्णानं, हजेरी पूर्ण.