दिवाळीचं शुभेच्छापत्र घरच्या रद्दीतून

लग्नसराईत आलेल्या पत्रिका फेकू नका. त्यांच्या कोऱ्या पाठीवर दिवाळीची सुंदर शुभेच्छापत्रं होतात. आधी कोपरा फाडून बघा. कडेला तंतू दिसले तर कागद साधा. पातळ पापुद्रा ताणला गेला तर वर प्लॅस्टिक आहे, त्याचा लगदा होत नाही. अशी पत्रिका भेटवस्तूंच्या चिठ्ठ्यांना वापरा.

चमकी मात्र नकोच. ती बहुधा प्लॅस्टिकचीच असते आणि धुतली की गटारातून पंचगंगेच्या वाटेला लागते. कोल्हापूरकरांनी नदीला एवढं तरी जपावं! त्याऐवजी मैद्याच्या खळीनं नक्षी काढून वर हळद मिसळलेली रांगोळी भुरभुरवा.

पोरांना हाताशी घेऊन कागदही करता येतो. जुन्या वहीची पानं रात्रभर भिजवा, मिक्सरमधून काढा, मग लगद्यात तुळशीचं किंवा झेंडूचं बी मिसळा (मिक्सरमध्ये बी टाकू नका). सुती कापडावर अगदी पातळ पसरा. जाड थर लवकर वाळत नाही आणि बी आतच फुगतं. ऑक्टोबरच्या कडक उन्हात गच्चीवर ठेवा. पत्र मिळालेल्या आत्याला सांगा, वाचून झालं की कुंडीत पुरायचं.