नाणे विकत घेण्याआधी ते कसे पारखावे

नकली नाणी आता इतकी सफाईदार बनतात की नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. त्यात धातूचे भाव चढले की 'आज घ्या, उद्या मिळणार नाही' म्हणणारे विक्रेते वाढतात. अशा वेळी काटा, व्यास मोजायचा कॅलिपर आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग, एवढे हाताशी असले तरी बरेच काम भागते.

1. मूळ मापे आधी लिहून घ्या. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅम वजनाचा, 38.1 मिमी व्यासाचा आणि 90 टक्के चांदीचा. ब्रिटनचा सॉव्हरिन 7.98 ग्रॅम, 22.05 मिमी, 22 कॅरट. काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. वापरातले नाणे झिजून थोडे हलके होते, जड कधीच होत नाही. त्यामुळे ठरल्यापेक्षा चांगलेच जड भरले तर तिथेच थांबा. चुंबकही लावून बघा. चिकटले तर चांदीचे नाही, हे नक्की. मात्र चिकटले नाही म्हणून खरे ठरत नाही.

2. पाण्यात तोला. माझा सर्वांत जास्त भरवसा या चाचणीवर आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. अंगावर हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलकेच हलवून घालवा. आता दिसणाऱ्या आकड्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. येणारा भागाकार म्हणजे नाण्याची घनता. खऱ्या मॉर्गन डॉलरसाठी काट्यावर सुमारे 2.6 दिसते आणि भागाकार 10.3 च्या आसपास येतो. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूंचा तो बराच कमी भरतो. शुद्ध सोन्याच्या बाबतीत मात्र सावध राहा. सोन्याची घनता 19.3 आणि टंगस्टनचीही जवळजवळ तेवढीच, त्यामुळे आत टंगस्टन भरलेले नाणे इथे निसटू शकते. नंतर नाणे पुसू नका, मऊ कापडावर टेकवून पाणी टिपून घ्या. आरशासारख्या पृष्ठभागाची प्रूफ नाणी पाण्यात घालूच नका.

3. भिंगाखाली कडा आणि अक्षरे बघा. नाणे कडेनेच धरा आणि दिव्याखाली सावकाश फिरवा. ओतीव नकलेत कडेवर साच्याची बारीक शिवण दिसते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षर तळातून सरळ वर उठते.

खरे नाणे घेऊन त्यावर टाकसाळीचे अक्षर डकवण्याची लबाडीही चालते. 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत जेमतेम 1,00,000 मॉर्गन डॉलर पडले, म्हणून त्यांना मोठा भाव. असा डॉलर समोर आला की मागच्या बाजूचे 'एस' अक्षर तिरप्या उजेडात बघा. बुडाशी चीर, डिंकाचा थर किंवा घासल्याच्या रेषा दिसल्या तर संशय घ्या. वजन आणि घनता इथे काहीच सांगणार नाहीत, कारण नाणे अस्सल चांदीचेच असते.

4. स्लॅबवर आंधळा विश्वास नको. स्लॅब म्हणजे नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या कंपन्यांची सीलबंद प्लास्टिकची डबी. पीसीजीएस किंवा एनजीसी या अशा कंपन्यांच्या डबीतले नाणे तपासलेले असते, पण डब्याही नकली येतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर एकेक ओरखडा जुळवा.

5. नवे डिझाइन आले की घाई करू नका. 2021 मध्ये अमेरिकन सिल्व्हर ईगल या चांदीच्या नाण्याची मागची बाजू बदलली आणि कडेच्या दात्यांत सुरक्षेसाठी मुद्दाम एक खंड ठेवला गेला. त्यामुळे त्या वर्षाची दोन्ही डिझाइनची नाणी मिळतात. कोणते घेताय ते आधी ठरवा. 'मर्यादित' म्हटले की किती नाणी पाडणार हा टाकसाळीने जाहीर केलेला आकडा शोधा. आकडा नसेल तर त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

6. भावाची फोड करा. सॉव्हरिनमध्ये 7.32 ग्रॅम शुद्ध सोने असते. त्याला त्या दिवसाच्या दराने गुणा. वरची रक्कम दुर्मिळतेची आणि अवस्थेची, आणि घासाघीस तिच्यावरच होते. मागितलेला भाव नुसत्या सोन्याच्या किमतीहूनही कमी असेल तर आनंदून जाऊ नका, पुन्हा पायरी 1 पासून सुरू करा. नव्या नाण्याच्या 69 आणि 70 (सर्वोच्च) या श्रेणींत डोळ्यांना फरक क्वचितच दिसतो, मग दुप्पट पैसे कशाला मोजायचे? पावतीवर नाण्याचे वर्ष, टाकसाळ आणि खोटे निघाल्यास पैसे परत करण्याची मुदत लिहून घ्या, आणि वरच्या चाचण्या त्या मुदतीतच उरका.