एफएमजीई देताय? मेडिसिनची उजळणी इथून सुरू करा

बाहेरून एमबीबीएस करून आलेल्यांसाठी लिहितेय, रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स कुठलंही असो. इथे प्रॅक्टिस करायला त्यांना पास व्हावी लागणारी परीक्षा म्हणजे एफएमजीई. पेपर 300 प्रश्नांचा, 150 बरोबर आले की पास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मेडिसिन 33 मार्कांचं दिसतं, पण तेच बेसिक सर्जरी, पेडिया, फार्मा सगळीकडे लागतं, म्हणून ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

जाडजूड नोट्स पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी ईसीजी. लीड टू, थ्री, एव्हीएफमध्ये एसटी (आलेखाचा एक भाग) वर गेलंय म्हणजे इन्फिरियर वॉल, हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक, बहुतेक वेळा राइट कोरोनरी धमनी बंद, मग उजव्या बाजूच्या लीड्स लावून बघायच्या, कारण राइट व्हेंट्रिकललाही (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) अटॅकचा फटका बसला असेल तर नायट्रेटने बीपी धाडकन पडतं. हे असं एकाला एक जोडून पाठ होतं, सुटं सुटं नाही राहत. पोटॅशियम 7 आणि टी वेव्ह उंच टोकदार असेल तर पहिलं कॅल्शियम ग्लुकोनेट, त्याने पोटॅशियम उतरत नाही पण हार्ट सांभाळलं जातं, उतरवायला इन्शुलिन-ग्लुकोज. पर्यायांत दोन्ही असतात आणि घाईत तिथेच चूक होते.

मग एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची आम्ल आणि वायूंची तपासणी. रोज पाच सोडवा, आधी पीएच, मग बायकार्ब, मग सीओटू, मेटाबॉलिक अॅसिडोसिस निघाला की अॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा) काढायचाच. चुकलेले एमसीक्यू वेगळ्या वहीत, उत्तर नको, का चुकलं ते एका ओळीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तिकडच्या वॉर्डात तुम्ही बघितलेलंच नाही. टीबीच्या औषधांचे साइड इफेक्ट, विंचूदंशात प्राझोसिन हे औषध (महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातल्या पेशंट्सवर हे काम उभं केलं, आपल्याला तरी ते ठाऊक हवंच), आणि सर्पदंश. घोणस, फुरसं चावलं की रक्त गोठत नाही, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये थोडं रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते बघायचं, प्लास्टिकची ट्यूब चालत नाही. पण जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, पापण्या उतरल्यात, चावल्याची खूण दिसत नाही, तर मण्यार डोक्यात आलाच पाहिजे. त्यात ही टेस्ट नॉर्मल येते, आणि टेस्ट नॉर्मल म्हणून त्याला घरी पाठवायचं नाही.