नव्या व्यायामानंतर सांधे वाजत किंवा डगमगत असतील तर

व्यायाम सुरू करून दोन-तीन आठवडे होतात आणि बैठका मारताना गुडघा कटकन वाजू लागतो, हात डोक्यावर नेताना खांद्यात काहीतरी सरकल्यासारखे वाटते किंवा जिना उतरताना पाय क्षणभर दगा देतो. या तक्रारी एका दमात सांगितल्या जात असल्या, तरी सांधा वाजणे आणि सांध्याचा भरवसा न वाटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. दुसरीकडे मात्र दुखत नसले तरी दुर्लक्ष करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सांध्याच्या पोकळीत वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांधा ताणला गेला की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटे मोडताना केलेले एमआरआय चित्रण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात आवाजाच्या क्षणीच ही पोकळी निर्माण होताना दिसली. एकदा मोडलेले बोट साधारण २० मिनिटे पुन्हा वाजत नाही, ही खूण उपयोगी आहे. तुमचा सांधा प्रत्येक बैठकीला वाजत असेल, तर तो आवाज या वायूचा नसून बहुधा हाडाच्या उंचवट्यावरून घसरणाऱ्या कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा) किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या घर्षणाचा असतो. वेदना, सूज आणि अडकणे यांपैकी काहीच नसेल, तर त्यासाठी व्यायाम थांबवण्याचे कारण नाही.

डगमगण्याचे मूळ बहुधा वाढीच्या वेगातील तफावतीत असते. पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे येते, तर कंडरा आणि लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) यांना मजबूत व्हायला महिने लागतात. त्यामुळे उचलता येणारे वजन सांध्याला पेलवेलच असे नाही. त्यात स्नायू थकले की सांधा सावरणारा आधारच ढिला पडतो. काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. ज्यांचा अंगठा वाकवल्यावर मनगटाच्या वर हाताच्या आतल्या बाजूला टेकतो किंवा कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे जाते, त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत ताण देणे आणि कोपर-गुडघे मागे ढकलून ‘लॉक’ करणे टाळावे.

आता स्वतःची तपासणी करा. खुर्चीवर बसून तळहात गुडघ्याच्या वाटीवर ठेवा आणि पाय सावकाश सरळ करा. हाताला नुसती खरखर जाणवली तर घाबरू नका. मात्र ठरावीक कोनात दुखते किंवा अडकते का, ते लक्षात ठेवा. मग आरशासमोर, भिंतीजवळ, एका पायावर उभे राहून तो गुडघा थोडा वाकवा. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल किंवा कंबर एका अंगाला खचत असेल, तर नितंबाचे स्नायू कमी पडत आहेत आणि त्याचा भार गुडघा सोसत आहे, अशी शक्यता मोठी असते.

पुढचे दोन आठवडे वजन निम्मे करा, उड्या बंद ठेवा आणि दुखते त्या कोनाच्या अलीकडेच थांबा. खाली जाताना मनात तीन आकडे मोजा, कारण घाईत चुकलेली हालचाल स्वतःला कळत नाही. पाठीवर झोपून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे आणि एका पायावर ३० सेकंद उभे राहणे हे गुडघा, खुबा व घोटा यांच्यासाठी पुरेसे आहे. खांद्यासाठी भिंतीवरचे जोर काढा आणि कोपर अंगालगत ठेवून लवचिक पट्टा बाहेरच्या दिशेने ओढा. शून्य ते दहाच्या मापात वेदना तीनच्या आत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सांधा पूर्ववत झाला, तर पुढे जा. पण वजन, आवर्तने आणि दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा. सांधा अजून वाजतो का, हे पाहण्यासाठी तो मुद्दाम मोडत बसू नका.

मोठा आवाज होऊन लगेच दुखले आणि काही तासांत सूज आली, सांधा अडकून बसला, पायावर भार टाकता येईना किंवा पाय वारंवार दगा देऊ लागला, तर घरगुती उपाय न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. निखळलेला खांदा जागच्या जागी कोणालाही ओढू देऊ नका. सांधा लाल व गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण त्यात लिगामेंट दिसत नाही. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी इथे फार महत्त्वाची असते. जाताना कोणत्या हालचालीत, कोणत्या कोनात आणि कितव्या आवर्तनाला सांधा डगमगतो, हे कागदावर लिहून न्या.