सिम्युलेशनने प्रोबॅबिलिटी काढताय? या चुका टाळा

सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर तोच प्रयोग रँडम आकड्यांनी हजारो वेळा करून बघणं, जमायला लागलं की मुलांना वाटतं आता विचार करायची गरज नाही, रन केलं की उत्तर येतंच. उत्तर येतं हो, पण ते आपण जे मोजलं त्याचं असतं, आणि घोळ बहुतेक वेळा मोजण्यातच असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एक ट्रायल, म्हणजे प्रयोगाची एक फेरी, नेमकी काय हे न ठरवता सुरुवात करणं. प्रश्न साधा होता, फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची प्रोबॅबिलिटी किती? एका मुलीने स्प्रेडशीटमध्ये १०,००० ओळी केल्या, प्रत्येक ओळीत चार फासे, मग अख्ख्या शीटमधले सगळे सहा मोजले आणि १०,००० ने भागले. आलं ०.६७ च्या आसपास. हाताने पण करून ठेवलं होतं, एक षष्ठांश गुणिले चार, म्हणजे २/३, म्हणजे ०.६७. दोन्ही जुळलं म्हटल्यावर वर्गातल्या कोणालाच शंका आली नाही! खरं उत्तर १ − (५/६)⁴, म्हणजे ०.५१८. ज्या ओळीत दोन सहा पडले होते ती ओळ दोनदा मोजली गेली होती, म्हणजे तिने चार फाशांत सरासरी किती सहा पडतात ते काढलं होतं, आणि हाताने केलेल्या गणितातही नेमकी तीच चूक होती म्हणून दोन्ही छान जुळलं. मी म्हटलं, आता हेच सात फासे घेऊन कर. उत्तर आलं १.१७ आणि मग सगळ्यांचे डोळे उघडले, कारण प्रोबॅबिलिटी एकच्या वर जाऊच शकत नाही.

तेव्हापासून मी आधी कागदावर लिहायला लावतो: एक ट्रायल म्हणजे काय, कधी 'हो' धरायचं, शेवटी कशाने भागायचं. शेवटच्या कॉलममध्ये फक्त ० किंवा १ दिसायला हवा, २ दिसला की तिथेच थांबायचं. आणि पहिल्या वीसेक ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायच्या. याचाच सगळ्यांना कंटाळा येतो, आणि यातच सगळ्यात जास्त चुका सापडतात.

फासाच चुकीचा बनवणं ही पुढची. ० ते १ मधला रँडम आकडा पाचने गुणून राउंड करतात आणि एक मिळवतात. दिसायला १ ते ६ येतात, पण १ आणि ६ ला प्रत्येकी १/१० आणि मधल्या चौघांना १/५ मिळतात. सरळ शीटमधलं रँडबिटवीन हे फंक्शन वापरा ना! पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत रँडम मॉड्यूलचं रँडइंट(१, ६) सहा धरून चालतं, पायथनच्याच नमपाय लायब्ररीमधलं त्याच नावाचं फंक्शन सहा देतच नाही. म्हणून काहीही करायच्या आधी नुसता फासा टाकून प्रत्येक आकडा किती वेळा येतो ते बघायचं.

दोन फाशांची बेरीज हवी असेल तर २ ते १२ मधून एकदम आकडा उचलू नका, ७ ला १/६ च्या जागी १/११ मिळतो. पत्ते काढताना काढलेला पत्ता परत ठेवायचा की नाही ते स्वतः लिहा, आर (R) या भाषेतलं सॅम्पल फंक्शन न सांगता परत ठेवत नाही आणि नमपायचं चॉइस न सांगता ठेवतं.

आता माझा खरा राग. शीटमध्ये कुठेही एंटर मारला की आकडे बदलतात, आणि काहीजण अपेक्षित उत्तर दिसेपर्यंत एंटर मारत बसतात. कोडवाले तसेच सीड, म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, बदलत बसतात. लाझारिनी नावाच्या इटालियन गणितज्ञाने १९०१ साली समांतर रेषांवर सुई ३४०८ वेळा टाकून, ती किती वेळा रेषेवर पडते ते मोजून, पायची (π) किंमत ३५५/११३ आल्याचं सांगितलं, म्हणजे सहा दशांशांपर्यंत बरोबर! एक सुई जरी रेषेवर कमी पडली असती तरी तिसरा दशांश बदलला असता. हवं ते उत्तर आल्यावर तो थांबला असावा असा अभ्यासकांचा संशय आहे, आणि मला तो पटतो. ट्रायल किती घ्यायच्या ते आधी ठरवा, एकदाच रन करा, आकडे व्हॅल्यू म्हणून पेस्ट करून ठेवा.

किती घ्यायच्या? दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा पडण्याची प्रोबॅबिलिटी ०.४९१ आहे, १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रांत आलेलं हे कोडं. हे निम्म्यापेक्षा कमी आहे हे १०० ट्रायलमध्ये कळणारच नाही, तिथे उत्तर सहज ०.१० इकडे तिकडे होतं. १०,००० घेतल्या तरी साधारण ०.०१ ची चूक राहते, त्याही पुरत नाहीत. ४०,००० ला ती ०.००५ होते, तेव्हा कुठे निम्म्यापासून फरक दिसतो. चूक निम्मी करायला ट्रायल चौपट लागतात, दुप्पट नाही. आणि १०० ट्रायल करून ०.४९०० असे चार दशांश लिहून देऊ नका, तेवढ्या ट्रायलमध्ये पहिल्या दशांशाचीही खात्री नसते.